कपडे कोनाचे हायेत?

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. त्या दिवशी वाशीमला कलेक्टर मिळाले, एसपी मिळाले, स्वतःची जिल्हा परिषद मिळाली आणि घरमालकांना भाडेकरू मिळाले. पहिल्या तिन्हींची सरकारदरबारी नोंद आहे. चौथ्याची नोंद शहरातल्या लाखाळ्यात आणि आययूडीपी कॉलनीत पाहायला मिळते. तिथे घर बांधणारा माणूस खाली स्वतःपुरत्या तीन खोल्या काढतो आणि वर मात्र सहा दरवाजे काढतो.

या सहा दरवाजांच्या आत बदलीवर आलेला क्लार्क असतो, बँकेतला नवा साहेब असतो, झेडपीच्या शाळेतले सर असतात, दवाखान्यातल्या सिस्टर असतात आणि तलाठ्याची परीक्षा पास व्हायची वाट पाहणारी दोन पोरं असतात. नोकरीवाल्यांतले बरेच जण अकोल्याहून अपडाऊन करतात. ज्यांना ते झेपत नाही ते 'रूम करून' राहतात. रूम करून राहणाऱ्याकडे एक गॅस, एक कुकर, एक बादली आणि आठवडाभराचे मळके कपडे एवढा संसार असतो. त्यातल्या शेवटच्या वस्तूवर घरमालक एक दिवस तोडगा काढतात. दिवाळीत खाली नवी ऑटोमॅटिक मशीन येते आणि जुनी सेमी जिन्याखाली भाडेकरूंसाठी लावली जाते. मग भाड्यात दोनशे रुपये वाढतात आणि इमारतीतली शांतता संपते.

यात सरकारचाही थोडा हात आहे. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. कामकाजाची कार्यक्षमता वाढेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. ती किती वाढली ते ज्यांची फाईल अडली आहे त्यांना विचारा. जिन्याखाली मात्र एवढंच झालं, की पूर्वी रविवारी होणारी गर्दी शनिवारी सकाळी सहालाच सुरू झाली. शाळा, बँक आणि दवाखाना यांना हा नियम नाही, म्हणून त्यांची गर्दी रविवारी वेगळी.

नंबर बादलीने लागतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारा जो महाराष्ट्र आहे, तोच इथे बादली ठेवून मशीन धरतो. बादलीत एक बनियन आणि एक टॉवेल असला तरी पुरे, मालक वर झोपलेला असला तरी चालतं. बादल्यांची रांग मशीनपासून जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत जाते. पहाटे कुणीतरी पाणी प्यायला उठतो आणि जाता जाता आपली बादली दोन जागा पुढे सरकवतो. हे कोण करतं ते सगळ्यांना माहीत असतं. बोलत कुणीच नाही, कारण प्रत्येकाने ते एकदा तरी केलेलं असतं.

तरी हा नंबराचा तंटा किरकोळ आहे. खरं महाभारत मशीन थांबल्यावर सुरू होतं.

मशीन घुर्र करून थांबते. आत कुणाचे तरी कपडे पिळून पडलेले असतात आणि तो कुणीतरी जागेवर नसतो. पुढच्या नंबरचा माणूस बादली घेऊन उभा राहतो. झाकण उघडतो, डोकावतो, परत लावतो. मग जिन्यात तोंड घालून वर पाहत हाक मारतो.

"कपडे कोनाचे हायेत होऽऽ?"

वरून उत्तर नाही. थोड्या वेळाने एक दार किलकिलं होतं.

"सर, तुमचे हायेत काय?"

"माहे नाहीत. बँकेवाल्या साहेबाचे असन."

"ते तं अकोल्याले गेले म्हन्ते."

"मशीन लावून?"

"मशीन लावून."

आता या माणसापुढे दोन वाटा असतात. एक, कपडे बाहेर काढायचे. दोन, काढायचे नाहीत. दुसऱ्याचे ओले कपडे हाताळणं हा आपल्याकडे अवघड मामला आहे. दुसऱ्याच्या ताटातली भजी आपण न विचारता उचलतो, दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये मान घालून पूर्ण चॅट वाचतो, पण दुसऱ्याच्या ओल्या चड्डीला हात लावायची वेळ आली की आपल्या अंगात एकदम सभ्यता संचारते. सर चिमट्याने एकेक कपडा उचलतात. पोरं डोळे मिटून सगळं एकदम बादलीत कोंबतात. सिस्टर हातमोजे घालतात आणि त्यावर कुणाला काही बोलता येत नाही. आणि हे सगळं पार पडल्यावर, अगदी त्याच क्षणाला, साहेब फाटकातून आत येतात आणि म्हणतात, "अरे, मी येऊनच रायलो होतो!" कपडे बाहेर काढणाऱ्याचं तोंड चोरासारखं आणि दोन घंटे मशीन अडवणाऱ्याचं तोंड फिर्यादीसारखं, हा निसर्गनियम मला आजवर समजलेला नाही.

माझं म्हणणं असं, की भांडण मशीनमुळे होत नाही. मशीन लावली की माणूस कपड्यांपासून मोकळा होतो, भांडण त्या मोकळेपणाचं आहे. नदीवर ही सोय नव्हती. वाशीम जिल्हा तसा नद्यांचं माहेर. काटेपूर्णा वाशीम तालुक्यात उगम पावते, अडाण, अरुणावती आणि पूसही याच जिल्ह्यातून निघतात आणि वयात आल्या की बाहेरच्या जिल्ह्यांत नांदायला जातात. या नद्यांच्या दगडांवर बायांनी पिढ्यान् पिढ्या कपडे धुतले. प्रत्येकीचा दगड ठरलेला असे आणि कुठेही पाटी नसे. वरच्या अंगाला पिण्याचं पाणी भरायचं, खालच्या अंगाला कपडे, त्याच्याही खाली गुरं. हे कुणी ठराव करून लिहून ठेवलं नव्हतं. मोगरी हातात असेपर्यंत बाई जागेवर असे. कपडे संपले की बाई उठे आणि दगड मोकळा होई. दगडावर कपडे ठेवून अकोल्याला जाण्याची पद्धत नव्हती.

त्याही आधी बघायचं तर वाशीम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळा नंबरचं लेणं कोरवून घेतलं. त्या काळच्या अजिंठ्याच्या चित्रांत राजे बघा. मुकुट, कंठा, बाजूबंद सगळं आहे, पण कमरेच्या वर कपडा जवळजवळ नाही. दागिन्यांना इस्त्री लागत नाही आणि ते पिळावेही लागत नाहीत. आपल्या जिल्ह्याच्या सुवर्णकाळाचं हे एक कारण इतिहासकारांनी अजून मांडलेलं नाही.

नंतर कपडे वाढले आणि ते सांभाळायला परीट आला, आमच्याकडचा वरठी. गावच्या सगळ्यांचे कपडे एकाच भट्टीत घालून तो ज्याचे त्याला परत करी, कारण प्रत्येक घराची बिब्ब्याच्या रसाची खूण कपड्याच्या कोपऱ्यात असे. ती खूण धुण्याने जात नसे. गाडगेबाबांचा जन्म अशाच परिटाच्या घरातला, 1876 सालचा, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांनी गावंच्या गावं झाडली आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. सामाईक जागा वापरून झाल्यावर आपणच साफ करायची असते, हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांच्याच नावाच्या विद्यापीठाची पदवी घेतलेले निदान चार जण आमच्या इमारतीत राहतात. मशीनची जाळी मात्र आजवर कुणीही काढून धुतलेली नाही. त्या जाळीत साचलेल्या लोकरीतून एक मफलर सहज निघेल.

वाटून घेणं आपल्याला जमत नाही असं समजू नका. शेतातल्या सामाईक विहिरीवर भावाभावांच्या पाळ्या असतात. सोमवार-मंगळवार थोरल्याची मोटर, बुधवार-गुरुवार मधल्याची. विहिरीतला हिस्सा सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात चढलेला असतो. पाळीच्या दिवशी माणूस रात्री दोनला लाइन आली तरी उठून मोटर चालू करतो आणि पाळी संपली की बंद करतो. नाहीतर भाऊ कुऱ्हाड घेऊन येतो, हेही त्या व्यवस्थेतलं एक कलम आहे. त्याच घरातला मुलगा शहरात रूम करून राहायला आला, की त्याला मशीनची पाळी पाळवत नाही. बहुधा सातबाऱ्यावर मशीन चढवल्याशिवाय हे सुधारायचं नाही.

आता पावडरीकडे वळू. आमच्याकडे कोणत्याही कंपनीच्या पावडरीला निरमाच म्हणतात. 1969 साली गुजरातमध्ये करसनभाई पटेलांनी ती घरी बनवून सायकलवर विकायला सुरुवात केली आणि विकता विकता व्याकरणातही घुसवली. वाशीमचं बोअरचं पाणी अकोल्याच्या खारपाणपट्ट्याइतकं वाईट नाही, पण काळ्या दगडातून येतं म्हणून जड असतं. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे फेस कमी होतो. फेस कमी दिसला की माणसाचा पावडरीवरचा विश्वास उडतो आणि तो आणखी दोन मुठी टाकतो. हीच सवय लागते, आणि नेमकं एखाद्या दिवशी नळाचं पाणी भरलेलं असतं. ते हलकं, एकबुर्जी धरणाचं. मग मशीनमधून फेस वर येतो, झाकण उचलतो, जिन्याखालून निघतो आणि फाटकाकडे चालू लागतो.

"बाप्पा! कपडे धुऊन रायला का म्हैस?" घरमालकीण काकू पदर खोचून उभ्या राहतात. "एक झाकन टाक म्हनलं होतं ना बेटा, एक! निरमा काय फुकट भेटते?"

काकूंचं शास्त्र बरोबर आहे. फेसाने कपडे निघत नाहीत. फेस फार झाला तर कपडे एकमेकांवर घासण्याऐवजी फेसावर तरंगत बसतात, मळ जागेवरच राहतो आणि पावडर कपड्यातच राहून अंगाला खाज सुटते. पुढच्या नंबरवाल्याला तर पावडर न टाकताच फेस मिळतो. त्यालाही तो कमी वाटतो, म्हणून तोही दोन मुठी टाकतो.

खिसे तपासणे हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि तो फक्त दुसऱ्यांसाठी आहे. दहाचं नाणं ड्रायरमध्ये शिरलं, की मिनिटाला हजारावर फेऱ्यांत त्याचा जो आवाज होतो, त्याने शेजारच्या गल्लीतली कुत्री जागी होतात. नोट शिरली तर मात्र वाचते. भारतीय नोटेचा कागद कापसाचा असतो. भाव मिळो न मिळो, वऱ्हाडचा माणूस कापसावर विश्वास ठेवतो तो उगाच नाही. कागदाचं तसं नसतं. वरच्या मजल्यावरच्या एका पोराच्या पँटच्या खिशात वडिलांच्या शेताचा सातबारा राहिला. पँट स्वच्छ निघाली आणि खिशातून पांढरा लगदा. शेतकरी संघटना, विरोधी पक्ष आणि आलटून पालटून सगळेच पक्ष इतकी वर्षं सातबारा कोरा करा म्हणून ओरडत होते. आमच्या सेमीने तो पस्तीस मिनिटांत केला. कर्ज तेवढं राहिलं.

मशीनवर सात किलो असं लिहिलेलं असतं. ते कोरड्या कपड्यांचं वजन आहे, हे समजून घ्यायला कुणी तयार नसतं. लोक सात किलो म्हणजे झाकण लागेपर्यंत असं धरतात. सोलापुरी चादर कोरडी असताना फार वाटत नाही, भिजली की दोन माणसांना उचलत नाही. ती एकटी ड्रायरमध्ये घातली, की एका बाजूला गोळा होते आणि मशीन गदागदा हलत जागा सोडते. आमची मशीन एकदा पाइप ताणून थेट मीटरच्या पेटीपर्यंत गेली होती. पळून जायचा तिचा विचार असावा, आणि त्यात गैर काही नव्हतं. चादरीसाठी अंगण आहे, पाय आहेत. भिजवून तुडवायची आणि दोघांनी दोन टोकं धरून पिळायची.

काही कपडे मशीनचे नसतातच. रामनवमीला मानोरा तालुक्यात पोहरादेवीची यात्रा भरते. तिथून परतलेली बंजारा आजी आरशांची, कवड्यांची, हाताने टाके घातलेली कांचळी कुणाच्याही मशीनला देत नाही, आणि तिचं बरोबर आहे. ती स्वतः बसून हलक्या हाताने धुते. लग्नाच्या हळदीचे कपडे मात्र लोक बिनदिक्कत सामाईक मशीनमध्ये टाकतात. शेजारीच हिंगोलीचा हळदीचा बाजार, त्यामुळे आमच्याकडे हळद लावायची ती घमेल्याने. हळदीला साबणाचं पाणी लागलं की ती लालभडक होते. त्यामुळे पहिल्या पाण्यात ड्रममध्ये खून झाल्यासारखं दिसतं. त्यानंतर ज्या सरांचा शाळेचा पांढरा शर्ट लागतो, ते सोमवारी नवरदेवाच्या रंगात हजर होतात.

आणि मग लाइन जाते. सगळे कपडे पाण्यात असतात, पाण्यावर पावडर असते आणि लाइन गेलेली असते. महाग मशीनला म्हणे आठवण असते, थांबली तिथून ती पुढे सुरू करते. आमच्या सेमीला टायमरची खुंटी आहे. लाइन आली की ती उरलेली मिनिटं पुरी करते, पण तोवर तिच्यापुढे उभा असलेला माणूस बदललेला असतो. त्यातच उन्हाळ्यात नळ रोज येत नाहीत. नळ आले अशी हाक आली की माणसं मशीन, कपडे आणि चूल सोडून टाकीकडे धावतात. अशा दिवसांत मशीनचा विषय काढणारा माणूस इमारतीचा शत्रू ठरतो. बरोबरच आहे. समोरून कपडे घालायच्या मशीनला एका धुण्याला पन्नास-साठ लिटर पाणी पुरतं, पण वरून घालायची शंभरच्या पुढे पिते, आणि आमच्या सेमीत तर जो तो नळ उघडाच ठेवून खंगाळतो. कपडे निघतात, टाकी संपते, वरच्या मजल्यावर कुणीतरी अंगाला साबण लावून उभा असतो.

परदेशात सगळं शिस्तीत चालतं असं आपल्याला वाटतं. 1934 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ गावी एकाने विजेच्या मशीन मांडून त्या तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. तासाला पैसे पडायचे म्हणून माणूस वेळेवर येत असावा. आता वाशीम-कारंज्याची इंजिनियर झालेली पोरं तिकडे अपार्टमेंटच्या तळघरात जुन्या मशीनपुढे उभी राहतात. मशीनला पंचवीस सेंटचीच नाणी लागतात, म्हणून ती बरणीत जमवतात. इथे ज्याने मायने दहादा सांगूनही स्वतःचा टॉवेल दोरीवर टाकला नाही, तो तिथे मोबाईलवर गजर लावून कपडे काढायला खाली उतरतो. उशीर झाला तर कुणीतरी कपडे काढून जमिनीवर ठेवतं आणि तिथे काकू नसतात. स्वीडनमध्ये तर इमारतीच्या तळघरात सामाईक धुलाईखोली असते आणि फळ्यावर स्वतःचं छोटं कुलूप अडकवून आपली वेळ राखतात. म्हणून सगळे गुण्यागोविंदाने राहतात का? नाही. तिथे जाळी साफ न करणाऱ्याच्या नावाने भिंतीवर रागाच्या चिठ्ठ्या लावल्या जातात आणि अशा चिठ्ठ्यांसाठी तो देश प्रसिद्ध आहे. जगातल्या सर्वात शांत लोकांनाही दुसऱ्याच्या लोकरीचा गोळा सहन होत नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आमच्याकडे चिठ्ठी नाही, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. 'मशीन ग्रुप' असं त्याचं नाव. त्यावर मशीनबद्दल शेवटचा मेसेज गेल्या पोळ्याला आला. बाकी सुप्रभात, सोयाबीनचे भाव आणि कुणाच्या तरी काकांना श्रद्धांजली. तलाठी होणाऱ्या पोरांनी मध्यंतरी वेळापत्रक करून जिन्यात चिकटवलं होतं. त्यात प्रत्येक खोलीला दीड घंटा, शनिवारी ऑफिसवाले, रविवारी सर आणि सिस्टर, असं सगळं नीट आखलेलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यावर कुणीतरी दूधवाल्याचा हिशेब लिहिला.

माझा निकाल एवढाच आहे. मशीन थांबल्यापासून दहा मिनिटं मालकाची वाट पाहावी आणि जिन्यात एक हाक द्यावी. त्यानंतर पुढच्या नंबरवाल्याने स्वच्छ हातांनी कपडे काढून मालकाच्याच बादलीत ठेवावेत, जमिनीवर नाही. मालकाने मग तोंड वाकडं करू नये. उलट 'चहा घेता काय भाऊ?' असं विचारावं. ज्याला आपल्या कपड्यांना कुणाचा हात लागलेला चालत नाही, त्याने खुर्ची आणून मशीनशेजारी बसावं. नदीवर बाया बसतच होत्या. पावडर एक झाकण, चादर अंगणात, हळदीचे कपडे हाताने, आणि कपडे काढले की जाळी नळाखाली एकदा धुवावी. तिला अर्धं मिनिट लागतं.

आणि ज्या कुणाचा एक करडा मोजा गेल्या दोन शनिवारांपासून जिन्यातल्या खिळ्याला चिमट्याने लावलेला आहे, त्याने तो उद्या सकाळपर्यंत घेऊन जावा. काकूंनी त्या मोज्याने मशीन पुसायला सुरुवात केली आहे.